फुलदाणीतली तहान

पहाटेचे चार वाजलेले असतात. बंगळुरू शहर अजून साखरझोपेत असते. पण १९२८ साली उभ्या राहिलेल्या कृष्णराजेंद्र मार्केटात, म्हणजे इथल्या बोलीत 'सिटी मार्केट'मध्ये, पाय ठेवायला जागा नसते. झेंडूचे गुडघाभर ढीग, शेवंतीच्या करंड्या, ओल्या फडक्याखाली झाकलेल्या मोगऱ्याच्या कळ्या आणि या साऱ्यातून ओरडत वाट काढणारे हमाल. महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त इथे आलेल्या गृहिणीला सगळी फुले ओळखीची वाटतात, नावे मात्र अनोळखी असतात. मोगरा इथे 'मल्लिगे', शेवंती 'सेवंतिगे', निशिगंध 'सुगंधराज' आणि आपली अबोली चक्क 'कनकांबर'! गुंफलेली फुले विकायची मापेही निराळी. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक 'मोळ' आणि पसरलेल्या दोन्ही हातांचा एक 'मारु', म्हणजे आपली वाव. तेव्हा गिऱ्हाइकाने लांब हातांची फुलवाली शोधावी, हे उत्तम.

या सुट्या फुलांकडून कुणाची फारशी अपेक्षा नसते. सकाळी देवाला वाहिली, केसांत माळली, दुसऱ्या दिवशी त्यांचे निर्माल्य झाले. एका दिवसाचे त्यांचे आयुष्य सर्वांनी मान्य केलेले आहे. पण याच बाजारात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या जुड्याही असतात. लांब दांड्याचे गुलाब, जर्बेरा, कार्नेशन, ग्लॅडिओलस. ही फुले घरी नेऊन फुलदाणीत ठेवायची आणि त्यांनी निदान आठवडाभर तरी टिकावे, अशी आपली इच्छा असते. आणि घरातली कुरबूर सुरू होते ती इथेच.

शनिवारी संध्याकाळी नवरा मोठ्या हौसेने वीस गुलाबांची जुडी घेऊन येतो. बायको कपाटातली ठेवणीतली पितळी फुलदाणी काढते, ती नळाच्या पाण्याने भरते, जुडीचा दोरा सोडते आणि फुले जेवणाच्या टेबलावर, केळ्यांच्या फणीशेजारी सजवून ठेवते. रविवारी आलेले पाहुणे कौतुक करतात. सोमवारी सकाळी पाहावे तर वीसपैकी बारा गुलाबांनी माना टाकलेल्या!

"अहो, फसवलं तुम्हाला फुलवाल्यानं. शिळी फुलं गळ्यात मारली."

"अगं, माझ्यासमोर गाडीतून उतरवली त्यानं!"

दोघांचेही म्हणणे खरे असू शकते. फुले ताजी होती आणि तरीही दोन दिवसांत गेली. ती कशाने गेली? तहानेने. गळ्यापर्यंत पाण्यात उभी असूनही.

पाण्यात राहून तहानलेली

झाडावरून कापलेले फूल मेलेले नसते, हे आधी लक्षात घ्यायला हवे. ते श्वास घेत असते, पानांतून आणि पाकळ्यांतून पाणी बाहेर टाकत असते, कळी उमलवण्याची खटपट करीत असते. फरक एवढाच की मुळांनी पाणी वर चढवण्याची सोय आता राहिलेली नसते. दांड्यातून केसाहून बारीक अशा जलवाहिन्या खालपासून वरपर्यंत गेलेल्या असतात. वरून पाने पाणी ओढतात आणि खालून फुलदाणीतले पाणी चढते. सरबताच्या नळीसारखा हा मामला आहे. नळी तुंबली की ग्लास कितीही भरलेला असला तरी घोट काही मिळत नाही.

ही नळी तुंबते कशाने? पहिले कारण हवा. दांडा कापताक्षणी वरची ओढ चालूच असते. पाणी नाही म्हणून वाहिनी हवा आत ओढून घेते आणि तो बुडबुडा बुचासारखा अडकून बसतो. दुसरे कारण अधिक मोठे. ते म्हणजे जंतू. कापलेल्या टोकातून साखर आणि इतर रस पाण्यात झिरपतात, पाण्यात बुडालेली पाने कुजू लागतात आणि या मेजवानीवर जंतू झपाट्याने वाढतात. दोन दिवसांची फुलदाणी रिकामी करताना बोटांना जो बुळबुळीतपणा लागतो आणि नाकाला जो वास येतो, तो त्यांचाच. हा बुळबुळीत थर दांड्याच्या तोंडाशी जमला की पाण्याची वाट बंद होते. शिवाय झाड स्वतःची जखम बुजवायचा प्रयत्न करते, त्यानेही वाट काही अंशी बंद होते.

गुलाबाच्या बाबतीत हे सर्वांत आधी दिसते. त्याचे डोके जड आणि डोक्याखालचा दांडा कोवळा. तो कोवळा भाग केवळ पाण्याच्या दाबाने ताठ उभा असतो. दाब गेला की मान गेली.

म्हणून फुलांची सेवा करायची ती खालच्या टोकाकडून. आपण पाकळ्यांवर पाणी शिंपडत बसतो. फुलवालेही जुडीवर सारखे पाणी मारीत असतात आणि फूल कसे टवटवीत दिसते! पण पाकळ्यांवरच्या या पाण्याने दांड्याची तहान भागत नाही. उलट पाकळ्यांत पाणी साचून राहिले तर त्यावर करडी बुरशी धरते आणि पाकळ्यांवर तपकिरी डाग उठतात.

पहिली दहा मिनिटे

जुडी घरात आली की दारातच फुलदाणीत खोचून मोकळे होण्याचा मोह टाळावा. आधी फुलदाणी घासावी. नुसती विसळून भागत नाही. तळाशी आणि कडेला गेल्या वेळचा जो पातळ थर असतो, तो भांडी घासायच्या साबणाने काढला पाहिजे. मग जुडी सोडून पाण्याखाली येणारी सगळी पाने काढून टाकावीत. वरची थोडी राहू द्यावीत, कारण पाणी ओढण्याचे काम तीच करतात.

आता दांड्याचे टोक कापायचे. एका पसरट पातेल्यात किंवा बादलीत पाणी घेऊन, दांडा पाण्यात बुडालेला असतानाच धारदार सुरीने किंवा सिकेटरने दोन-तीन सेंटीमीटर तुकडा तिरका कापून काढावा. पाण्यात कापल्यामुळे वाहिनीत हवेऐवजी पाणी शिरते. जपानी पुष्परचनेत, म्हणजे इकेबानात, या पद्धतीला 'मिझुकिरी' असे नाव आहे. तिरका काप देण्याचे कारण साधे आहे. दांडा फुलदाणीच्या तळावर सपाट टेकून तोंड बंद होऊ नये. स्वयंपाकघरातली बोथट कात्री मात्र नको. ती कापत नाही, चेंगरते.

गुलाबाचे किंवा शेवंतीचे दांडे हातोडीने ठेचून ठेवावेत, असा सल्ला पूर्वी हमखास दिला जाई. तो आता विसरावा. ठेचल्याने वाहिन्या चिरडतात आणि जंतूंना आयतेच खाद्य मिळते. अ‍ॅस्पिरिनची गोळी आणि तांब्याचे नाणे हे दोन उपायही घरोघरी श्रद्धेने केले जातात. नाण्यातले तांबे पाण्यात विरघळते किती, हा प्रश्नच आहे. आणि गोळीचा भरवशाचा फायदा प्रयोगांत दिसून आलेला नाही. ती गोळी डोकेदुखीसाठी राखून ठेवलेली बरी.

पाणी कोमट घ्यावे, हाताला सुखद वाटेल इतपत. कोमट पाण्यात विरघळलेली हवा कमी असते आणि ते दांड्यातून सहज चढते. मग फुलदाणी दोन-तीन तास खोलीच्या थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी. फुले पोटभर पाणी पितात. मगच त्यांना दिवाणखान्यात आणावे.

पाणी कुठले?

बंगळुरूत हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. शहराच्या काही भागांत कावेरीचे पाणी येते. पण अनेक नव्या वसाहती आणि मोठमोठ्या गृहसंकुलांची भिस्त बोअरवेलवर आणि टँकरवर असते. हे पाणी जड असते. बादलीला आणि नळाला पांढरा थर धरतो, डाळ शिजत नाही. जड पाणी अल्कधर्मी असल्याने दांड्यातून सावकाश चढते. त्याहून वाईट म्हणजे हे पाणी हलके करण्यासाठी गच्चीवर बसवलेले यंत्र. ते पाण्यातला चुना काढून त्याजागी सोडियम घालते. अंघोळीला आणि कपड्यांना हे पाणी उत्तम. पण गुलाब आणि कार्नेशन यांना सोडियम सोसत नाही. अशा घरात फुलांसाठी पिण्याच्या आरओ यंत्राचे पाणी वापरावे. एक लिटरभर पाणी फुलांवर खर्च झाले म्हणून काही बिघडत नाही. मात्र त्याच यंत्रातून नळीने बाहेर पडणारे टाकाऊ पाणी काटकसर म्हणून फुलदाणीत भरू नये. सगळे क्षार त्यातच साठलेले असतात. लादी पुसायला ते ठीक.

घरचे औषध

जुडीबरोबर कधी कधी पुडी मिळते. तिच्यात मुख्यतः तीन गोष्टी असतात. फुलाला अन्न म्हणून साखर, पाणी किंचित आंबट करण्यासाठी आम्ल आणि जंतू मारण्यासाठी औषध. या तिन्हींची जोडी महत्त्वाची आहे. नुसती साखर घातली तर ती फुलांच्या आधी जंतूच फस्त करतात आणि पाणी एका दिवसात गढूळ होते. 'आम्ही साखर घालून पाहिली, उलट फुले लवकर गेली,' अशी तक्रार करणाऱ्यांची चूक नेमकी इथे असते.

पुडी नसेल तर घरी करता येते. एक लिटर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा साखर विरघळवावी, दोन चमचे गाळलेला लिंबाचा रस घालावा आणि शेवटी कपड्यांसाठी मिळणारे पातळ ब्लीच अर्धा चमचा. पण जपून! ब्लीच आणि लिंबाचा रस कोरड्या वाटीत एकत्र करायचे नाहीत. त्यातून घशाला लागणारा विषारी वायू निघतो. लिटरभर पाण्यात एक घालून, ढवळून, मगच दुसरे घालावे. लहान मुलांच्या हाताला हे पाणी लागू देऊ नये आणि बाटली उंचावर ठेवावी.

आता पितळी फुलदाणीचे काय? आंबट पाण्याने पितळ, तांबे यांच्यावर काय परिणाम होतो हे मराठी घरात सांगायला नको. आपण चिंच लावूनच भांडी घासतो. आम्ल धातूशी भांडण्यात खर्च होते आणि फुलांच्या वाट्याला येत नाही. ठेवणीतली फुलदाणी वापरायचीच असेल तर तिच्या आत काचेचा पेला किंवा बाटली बसवावी. बाहेरून पितळ, आतून काच. कुणाला कळतही नाही.

दर दोन दिवसांनी पाणी पूर्ण बदलावे आणि दांड्याचे टोक पुन्हा थोडेसे कापावे. नुसती भर घालत राहण्यात अर्थ नाही. औषधी पाणी असेल तर ते गढूळ दिसेपर्यंत चालते.

हरितगृहापासून टेबलापर्यंत

आपल्या टेबलावर येण्याआधी या गुलाबाचा बराच प्रवास झालेला असतो. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून अधिक उंचीवरचे बंगळुरू ना फार तापते, ना गारठते. या हवेवरच इथला फुलांचा धंदा उभा आहे. १९९१ नंतरच्या मोकळ्या आर्थिक धोरणात बंगळुरूच्या आसपास, सीमेपलीकडे तमिळनाडूतल्या होसूरला आणि इकडे पुणे-तळेगाव परिसरात हॉलंड-इस्रायलच्या तंत्राची हरितगृहे उभी राहिली. त्यांतली कित्येक दहा वर्षांच्या आत बंदही पडली. जी टिकली त्यांच्या बरोबरीने लहान शेतकरीही कर्ज काढून अर्धा-एक एकराच्या पॉलिहाउसमध्ये गुलाब आणि जर्बेरा घेऊ लागले. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात इथल्या विमानतळावरून गुलाबांच्या पेट्या परदेशी रवाना होतात त्या याच पट्ट्यातल्या.

शेतावर फूल पहाटे तोडतात, कारण रात्रभरात झाडाने पाणी पिऊन घेतलेले असते. तोडताक्षणी ते बादलीतल्या पाण्यात जाते आणि तिथून दोन ते चार अंश तापमानाच्या शीतगृहात. थंडीत फुलाचा श्वास मंदावतो, म्हणजे त्याची शिदोरी हळूहळू संपते. हेब्बाळ इथल्या आंतरराष्ट्रीय पुष्प लिलाव केंद्रात हॉलंडच्या पद्धतीने लिलाव चालतो. आपल्याकडच्या लिलावात बोली चढत जाते. इथे भाव वरून खाली उतरत येतो आणि जो पहिला बटण दाबेल त्याला माल मिळतो. खरेदीदाराला विचार करायला क्षणभराचाच अवधी असतो. तो पाहतो काय? दांड्याची लांबी, कळीची अवस्था आणि मान. मान वाकलेल्या जुडीकडे तो ढुंकून पाहत नाही. रात्री दोन तास वीज गेली आणि शीतगृह गरम झाले, किंवा बादल्या नीट धुतल्या गेल्या नाहीत, एवढ्यावर शेतकऱ्याचा तो दिवस बुडतो. ज्या बुळबुळीत थराने सोमवारी दिवाणखान्यात कुरबूर होते, त्याच थराने शेतावर कर्जाचा हप्ता चुकतो.

सणाच्या दिवसांत तर ताण अधिकच. श्रावणातल्या वरमहालक्ष्मी व्रताच्या आधी आणि गौरी-गणपतीत इथे फुलांचे भाव कडाडतात. मग चार दिवस आधी तोडून राखून ठेवलेला मालही बाजारात येतो. म्हणून पारखून घ्यायला शिकावे. गुलाबाची कळी बुडाशी दोन बोटांनी हलकेच दाबून पाहावी. घट्ट लागली तर ताजी, मऊ लागली तर राहिलेली. दांड्याचे टोक काळपट किंवा चिकट नसावे. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सुटू लागलेल्या असाव्यात; अगदी घट्ट मिटलेली कळी जास्त टिकेल असे वाटते, पण वेळेआधी तोडलेली कळी बहुधा न उमलताच मान टाकते. आणि सर्वांत सोपी परीक्षा म्हणजे फुलवाल्याच्या बादलीत डोकावावे. पाण्याला वास येत असेल तर दुसरे दुकान गाठावे.

केळ्यांची फणी आणि झोपलेली कार्नेशन

तहानेखेरीज आणखी एक शत्रू आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. गेल्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत शिकागोच्या आसपासच्या काचगृहांत कार्नेशनची फुले उमललेली असतानाच मिटू लागली. बागाइतदार म्हणत, फुले झोपी जातात. दिव्यांसाठी नळातून येणाऱ्या गॅसच्या गळतीवर संशय होता. क्रॉकर आणि नाइट या दोघा वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९०८ साली दाखवून दिले की त्या गॅसमधला इथिलीन हा वायू खरा गुन्हेगार आहे. वीस लाख भाग हवेत एक भाग इथिलीन असला तरी बारा तासांत उमललेली कार्नेशन मिटतात, असे त्यांना आढळले.

हा वायू आपल्याला नावाने नसला तरी कामाने चांगला परिचयाचा आहे. कोकणात आंब्याची आढी घालतात. गवतात दाबून ठेवलेले आंबे स्वतःच इथिलीन सोडतात, तो आत कोंडला जातो आणि आंबे एकसारखे पिकतात. केळ्यांना धुरी देऊन पिकवायची जुनी रीतही त्याच वायूवर चालते. धुरात तो असतो. फळाला पिकवणारा हा वायू फुलाला म्हातारे करतो. पाकळ्या आत वळतात, कळ्या उमलण्याआधीच गळतात.

आता त्या जेवणाच्या टेबलाकडे पुन्हा पाहावे. फुलदाणीशेजारी पिकलेल्या केळ्यांची फणी! सफरचंद आणि आंबाही तितकेच वाईट. कार्नेशन, ऑर्किड, लिली, डेल्फिनियम ही फुले या वायूला फार हळवी. गुलाबात जातीजातीनुसार फरक पडतो. जर्बेरा आणि शेवंती बऱ्यापैकी निगरगट्ट. कार्नेशनला शेतावरच चांदीचा अंश असलेले औषध पाजतात, त्यामुळे ते इथिलीनला दाद देत नाही. पण सगळाच माल असा येत नाही. देवघरातली उदबत्ती, स्वयंपाकघरातला धूर, रस्त्यावरच्या वाहनांचा धूर, सगळ्यांत हा वायू थोडाफार असतोच. बंगळुरूच्या वाहतुकीची ख्याती सर्वदूर आहे. सिग्नलपाशी गाडीच्या काचेवर टकटक करून विकला जाणारा गुलाब दिवसभर काय हुंगत उभा होता, याचा अंदाज केलेला बरा. फुलदाणीतले वाळलेले फूलही इथिलीन सोडते आणि शेजाऱ्याला सोबत घेऊन जाते. म्हणून सुकलेले फूल दिसताच काढून टाकावे.

थंडपणाला फुले भुकेली असतात, ऊन आणि पंख्याचा वारा त्यांना सोसत नाही. पूर्वी फुलदाणीची हक्काची जागा दूरदर्शन संचाच्या डोक्यावर असे आणि त्याच्या उष्णतेने फुले दोन दिवसांत माना टाकत. संच चपटे झाले, निदान तेवढे तरी फुलांच्या पथ्यावर पडले.

ज्याची त्याची तऱ्हा

सगळ्या फुलांना एकच नियम लावून चालत नाही. जर्बेऱ्याचा दांडा पोकळ आणि लवदार. तो खोल पाण्यात सडतो. त्याला चार-पाच बोटेच पाणी द्यावे आणि ते रोज बदलावे. ग्लॅडिओलस आडवा ठेवला की त्याचा शेंडा वर वळतो आणि मग तो काही सरळ होत नाही, म्हणून घरी आणतानाही उभाच धरावा. खालच्या एक-दोन कळ्यांत रंग दिसतो आहे असाच दांडा निवडावा आणि शेंड्याची दोन-तीन टोके खुडावीत, म्हणजे मधल्या कळ्या जोमाने फुलतात. कार्नेशनचा दांडा पेरावर न कापता दोन पेरांच्या मध्ये कापावा. पेरातून पाणी नीट चढत नाही.

निशिगंध मराठी घरात सर्वांत लाडका. हेसरघट्टा इथल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने त्याच्या 'शृंगार', 'प्रज्वल' या एकेरी आणि 'सुवासिनी', 'वैभव' या दुहेरी पाकळ्यांच्या जाती दिल्या. एकेरी हाराला आणि अत्तराला, दुहेरी फुलदाणीला चांगली. तो खालून वर फुलत जातो. खालची सुकलेली फुले रोज खुडावीत. साखरेचे औषधी पाणी ज्याला सर्वाधिक मानवते असे हे फूल, कारण वरच्या साऱ्या कळ्या उमलायला अन्न लागते. शेवंतीची फुले दोन आठवडे राहतात, पण पाने आधी पिवळी पडतात. ती काढली की जुडी पुन्हा तरुण दिसते. अँथुरियम आणि ऑर्किड ही उष्ण प्रदेशातली. त्यांना शीतकपाटात ठेवले तर ती काळवंडतात.

मोगऱ्याच्या गजऱ्याला मात्र शीतकपाट मानवते. घट्ट झाकणाच्या डब्यात, किंचित ओलसर फडक्यावर किंवा केळीच्या पानात तो ठेवावा आणि डबा फळांच्या कप्प्यापासून दूर सरकवावा. निथळता ओला गजरा ठेवला की कळ्या तपकिरी होतात. अबोलीला एवढीही पर्वा नसते. वास नाही, पण दोन दिवस ती तशीच हसत राहते.

फुलांची निगा प्रत्यक्ष पाहायची असेल तर लालबागेतल्या पुष्पप्रदर्शनाला जावे. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ते भरते. मैसूर उद्यानविद्या संस्था १९१२ साली स्थापन करणारे जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुंबिगल हे १९०८ मध्ये इथे येण्यापूर्वी बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या चाकरीत होते, हे मराठी माणसाला ऐकून बरे वाटेल. काचगृहातल्या देखाव्यापुढे गर्दी फार. तेव्हा पुष्परचनेच्या स्पर्धांकडे वळावे. तिथे मांडणी करणाऱ्या बायका दांडे कशा कापतात, पाने किती ठेवतात, पाणी कुठवर भरतात, हे जवळून पाहिले तर बरेच काही शिकता येते.

राहता राहिले ते सोमवारचे बारा गुलाब. ते अजून केराच्या टोपलीत टाकायचे नाहीत. मान वाकली तरी पाकळ्या कोरड्या पडलेल्या नसतील तर फूल वाचते. दांड्याचे टोक पाण्यात धरून तिरके कापावे आणि फुले पाकळ्यांसकट कोमट पाण्याने भरलेल्या टबात किंवा मोठ्या परातीत आडवी बुडवून ठेवावीत. मान हाताने सरळ करावी, वर ओला टॉवेल टाकला तर ती तरंगत नाहीत. तासाभराने बाहेर काढून, पाणी निथळवून, वर्तमानपत्रात मानेपर्यंत ताठ गुंडाळून स्वच्छ औषधी पाण्यात उभी करावीत. दुपारी कागद सोडला की बहुतेक माना सरळ झालेल्या दिसतात. ज्यांची मान तरीही उभी राहत नाही, त्यांचा दांडा दोन बोटांवर कापून ती फुले पसरट वाडग्यात तरंगत सोडावीत. पाण्याची वाट आता इतकी आखूड झालेली असते की ती आणखी दोन-तीन दिवस निघतात. वाडगा टेबलावर ठेवायला हरकत नाही. केळी तेवढी आधी उचलावीत.